खोटा सांधा

९ एप्रिल

दादा,

अक्षर बघून दचकू नकोस. मीच लिहितेय, डाव्या हाताने. माझ्या वर्गातल्या मुलांची दुरेघी वही घेऊन बसलेय, तरी ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरतात. परदेशी टपालाची वाट कोण बघणार, म्हणून कागदाचा फोटो काढून पाठवते. मोबाईलवर टाइप करता आलं असतं. पण मोबाईलवर मी चार शब्द पाठवले की तुझे तीन येतात. आई गेल्यापासून आपलं तेच चाललंय. "कशी आहेस?" "छान. तू?" "मजेत."

तर मी छान नव्हते.

ऑगस्टमध्ये वर्गात मुलांची चित्रं भिंतीवर लावायला खुर्चीवर चढले आणि खुर्चीसकट आडवी झाले. उजवा दंड मोडला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. आठ महिन्यांनी कळवतेय म्हणून तू रागावशील. रागाव. मला वाटलं होतं, दोन-अडीच महिन्यांत हाड जुळेल, मग तुला गंमत म्हणून सांगू.

जुळलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी दंडाभोवती प्लास्टिकचा पट्टा आवळून दिला. बहुतेकांचं हाड असंच जुळतं म्हणाले, आणि ते खरंही आहे. माझंच हाड आळशी निघालं. आता पट्टा काढला की दंड मधेच वाकतो, जिथे कुणाच्याच हाताला सांधा नसतो तिथे. त्याला खोटा सांधा म्हणतात. मी स्वतः तिकडे बघत नाही. आंघोळ करताना मान फिरवून घेते.

तुझा हात मोडला असता तर शर्टाची बटणं अडली असती. माझं बोलणंच अडलंय. पाचव्या वर्षी तापात कान गेले तेव्हापासून मी हातांनी बोलते, हे तुला माहीत आहे, पण तू कधी त्या बोलण्यात उतरला नाहीस, म्हणून सांगते. एका हाताने खुणा करायच्या म्हणजे अर्धे शब्द गिळून बोलायचं. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू तोतरी झालीस. त्या हसतात, मीही हसते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ओढून एका सर्जनकडे नेलं. बाईच आहेत. एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून त्यांनी मला दाखवला. हाडाची दोन टोकं, मधे काळी फट. मग कागद घेतला आणि लिहिलं. (डॉक्टर असून अक्षर मोत्यासारखं. बघतच राहिले.) "तुमच्या हाडाला वाटतंय, आपलं काम संपलं. त्याला परत जखम करावी लागेल, तेव्हा ते जुळायला घेईल." मधला चिवट भाग खरवडून काढायचा, टोकं ताजी करायची, कमरेच्या हाडातून चुरा काढून त्या फटीत भरायचा आणि वरून धातूची पट्टी स्क्रूंनी बसवायची. हे सगळं त्यांनी चित्र काढून सांगितलं.

चित्रात त्यांनी हाडाभोवती वेलीसारखी वळत गेलेली एक रेघ काढली. ती नस. मनगट आणि बोटं वर उचलायची आज्ञा तिच्यातून जाते. ऑपरेशनमध्ये ती दुखावली तर हात जुळेल, पण पंजा खाली लोंबत राहील. काही महिने, किंवा कायमचा.

मी विचार करते म्हणाले. घाई कसली आहे? मुलांचं वर्ष तर संपू दे.

तू काही करायचं नाहीयेस. फक्त कळवलं.

तुझी,
बहीण

२१ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. सहा पानं, टाइप केलेली! पाच पानं हाडांवर आणि एक माझ्यावर. "ताबडतोब करून घे" हे वाक्य मोजून चार वेळा. एकदा तर खाली रेघ मारून.

आधी मी कागद भिरकावला. मग उचलून परत वाचला आणि लक्षात आलं की हे असं मला कधी वाचायलाच मिळालं नव्हतं. तुझ्या त्या झुपकेदार मिशांमुळे तुझे ओठ मला कधी वाचता आले नाहीत. तू आईला सांगायचास, आई मला हातांनी सांगायची. आई असती तर तुझी ही सहा पानं तिने "दादा काळजी करतोय, जमेल तसं बघ म्हणतो" एवढ्यात आटोपली असती. गाळून द्यायची ती. तुझं मला, आणि माझं तुला. मी तुला काय काय म्हटलंय ते तिने तुझ्यापर्यंत पोचवलं असतं तर तू मला घरातून हाकललं असतंस.

तुझं पत्र तिखट आहे. आवडलं.

पण मी तयार झालेय ती तुझ्या रेघेमुळे नाही. परवाची गोष्ट सांगते.

माझ्या वर्गात या वर्षी नवी आलेली सातही मुलं ऐकणाऱ्या आईबापांची आहेत. घरी खुणा कुणालाच येत नाहीत. ती शाळेत आली तेव्हा त्यांना भाषाच नव्हती, नुसतं बोट दाखवणं आणि रडणं. त्यांची पहिली भाषा म्हणजे मी.

परवा वरच्या वर्गाचे सर माझ्या वर्गात आले. तेही माझ्यासारखेच बहिरे. मुलांशी गप्पा मारल्या, चित्रं बघितली, आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ही मुलं अशी का बोलतात?"

"कशी?"

"बघ जरा."

मी भिंतीला टेकून बघत राहिले. सातही जणांनी उजवं कोपर बरगडीला घट्ट चिकटवलेलं. उजवा पंजा पोटाशी, जागच्या जागी हलणारा, आणि सगळं बोलणं डाव्या हाताने. खांद्याच्या वर कुणाचा हात जातच नव्हता. (डावा वर नेला तरी माझा मोडका दंड हलतो, म्हणून मीच नेत नसे.) म्हणजे आभाळ, पक्षी, उंच, सगळे शब्द छातीपाशी अडकलेले.

त्यातली एक भिंगरी आहे. जागेवर बसतच नाही म्हणून मी तिला तसं म्हणते. ती मैत्रिणीला म्हणाली, "उद्या ये." आणि "उद्या" म्हणताना तिने डोळे मिटून, दात आवळून असं तोंड केलं की मला कळेना, हिला कुठे लागलंय का.

मग कळलं. "उद्या"ला उजवाही हात पुढे न्यावा लागतो. माझा दंड तिथेच कळवळतो. आमच्या भाषेत चेहराही शब्दाचा भाग असतो ना रे. पोरीला वाटलं, "उद्या" असाच म्हणायचा असतो.

मी सरळ मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं, त्या सर्जनबाईंना कळवा. करा म्हणावं.

पंज्याची भीती आहेच. पण आत्ता तरी कुठे धड बोलतेय?

९ मे

दादा,

उद्या सकाळी ऑपरेशन. दवाखान्यातूनच लिहितेय. खोलीत दोन खाटा आहेत, दुसरी रिकामी. खिडकीतून पार्किंग दिसतं आणि एक माणूस मघापासून आपली गाडी पुसतोय. ती गाडी कधीची चकचकीत झाली, तरी पुसतोय. त्याचंही आत कुणीतरी असणार.

तिकीट काढून झाल्यावर "येऊ का?" विचारणारा तूच. मी ये म्हणत नाही, नको म्हणत नाही. पण येऊन करणार काय? आई नाही आता मधे. तू बोलशील, मी बघेन. मी बोलेन, तू खिशात हात घालून मान डोलावशील. कागदावर लिहायचं म्हटलं तर माझं डावं अक्षर तू बघतोच आहेस. जाऊ दे. आलास तर खोली सापडायला सोपी आहे, जिन्यासमोरचीच.

आज काय झालं ते सांगते, कारण त्यामुळे माझी निम्मी भीती गेली.

दुपारी भूल देणारे डॉक्टर आले. चांगला माणूस, पण घाईत. त्यांनी माझा डावा हात उलटापालटा करून बघितला आणि मनगटाच्या मागे पेनाने खूण केली. सलाइनची सुई तिथे लावणार. मग हात फळीला बांधणार, हलू नये म्हणून. उजवा हात ऑपरेशनचा, म्हणजे सुई डाव्यालाच, त्यांच्या दृष्टीने साधा हिशोब.

मी मान हलवली, नाही. त्यांना वाटलं, सुईला घाबरतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी हात ओढून घेतला. त्यांनी परत धरला. दादा, मला इतका संताप आला की रडूच फुटलं. सांगायचं होतं ते त्याच हाताने, आणि तो त्यांच्या हातात!

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. दारातूनच बघितलं आणि उभ्या राहिल्या. काय चाललंय ते त्यांना बहुतेक तिथेच कळलं. त्यांनी पुढे होऊन आधी माझा हात सोडवला. मग माझ्याकडे वळून, मला ओठ दिसतील अशा, सावकाश म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

मी कागदावर लिहिलं: "हा हात बांधला तर मी मुकी."

त्यांनी ते वाचून भूलवाल्या डॉक्टरांपुढे धरलं. त्या काय म्हणाल्या ते मला अर्धंच दिसलं, पण शेवटचं वाक्य नीट दिसलं. "आपण पेशंटचं तोंड बांधतो का?"

त्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पायाच्या शिरा तपासायला घेतल्या. सुई आता पायाला. जाताना त्यांनी माझ्या डाव्या हाताशी हस्तांदोलन केलं, जरा वेळ धरून. सर्जनबाईंनी आणखी एक कबूल केलंय. भूल चढेपर्यंत त्या मास्क खाली ठेवून माझ्यासमोर उभ्या राहणार.

इतकी वर्षं मला वाटायचं, ऐकणाऱ्यांना सांगून काही उपयोग नसतो. आज सांगितलं आणि झालं. असं वाटतंय की कुणीतरी उगाचच भेट दिली.

गाडी पुसणारा गेला बघ.

१८ जून

दादा,

पोचलास का? घर रिकामं वाटतंय. तू पाच आठवडे इथे होतास, तर आरामखुर्ची खिडकीकडून दाराकडे सरकलीय. ती परत सरकवायला मला एक हात पुरतो, पण सरकवली नाही.

तू इथे असताना सांगायचं राहिलं ते लिहिते.

भूल उतरत होती तेव्हा मला खाटेशी एक माणूस दिसला. गुळगुळीत तोंडाचा, मोठ्या नाकाचा. म्हटलं, हा कोण बाप्या माझ्या उशाशी? मग त्याने हात वर केले आणि तो माझ्याशी बोलायला लागला. खुणांनी. सफाईदार, भरभर. आणि मला त्यातलं अक्षर कळेना.

दादा, त्या क्षणी मला वाटलं, भुलेने माझी भाषाच पुसून टाकली. हात वाचला आणि डोकं गेलं! मी डाव्या हाताने घाबरून "आई, पाणी, घर" करून बघितलं. ते सगळं जागेवर होतं. म्हणजे मी शाबूत. मग हा माणूस काय बोलतोय?

तेव्हा तू खिशातून कागद काढून लिहिलंस, "मी दादा. मिशा काढल्या. गेलं वर्षभर दर शनिवारी क्लासला जातोय. तुला कळत नाहीये का?"

कसं कळणार? तिकडच्या बहिऱ्यांची भाषा वेगळी, इकडच्यांची वेगळी. तू वर्षभर घासून भलतीच भाषा शिकून आलास. मी तुला ते लिहून दाखवलं तेव्हा तुझा चेहरा जो पडला! "मला वाटलं, जगात सगळीकडे एकच असते." मी इतकी हसले की कमरेची जखम, जिथून हाड काढलं होतं ती, ठणकायला लागली आणि नर्स धावत आली. तुला वाटलं, मी तुझी टिंगल करतेय. नाही रे. वर्षभर! म्हणजे माझा हात मोडायच्याही आधीपासून. आणि मोबाईलवर मला "मजेत" एवढंच कळवत होतास.

तू खाली औषधं आणायला गेला होतास तेव्हा सर्जनबाई आल्या. त्यांनी पंजा मागे वाकवून दाखवला, रहदारीचा पोलीस गाड्या थांबवतो तसा, आणि मला तसं करायला सांगितलं. मी केलं. म्हणजे मनात केलं. पंजा होता तसाच लोंबत राहिला. त्यांनी लिहिलं, "नस मी डोळ्यांनी बघितली, ती अखंड आहे. काम करताना बाजूला धरावी लागली, म्हणून रुसलीय. येईल. कधी ते सांगता येत नाही."

मी मान डोलावली. तू आलास तेव्हा पंज्याला आधाराची पट्टी बांधून झाली होती आणि मी पेपरमधलं कोडं सोडवत होते. खरं तर एकच चौकट पुन्हापुन्हा गिरवत होते.

आणि ते भांडण. तू म्हणालास, नोकरी सोड, माझ्याकडे चल. मी म्हणाले, माझी मुलं आहेत इथे. तू चिडलास. कागद बाजूला फेकून हातांनीच सुरू झालास. उजव्या मुठीने हवेत गोल गोल काढत, दात ओठ खात, एकच शब्द परत परत. तुमच्याकडे तो "हट्टी" असेल. आमच्याकडे ती "बादली". मिशा गेल्यामुळे बाकीचं तुझ्या ओठांवर दिसत होतं. तू लाल होऊन मला सांगत होतास, "बादली! तू लहानपणापासून बादली आहेस! आईपण म्हणायची, बादली!"

मी खूप उशिरा हसले, आठवतंय? आधी नुसती बघत होते. चाळिशी उलटली माझी. माझा भाऊ माझ्यावर समोरासमोर चिडण्याची ती पहिली वेळ. कुणी मधे नाही, कुणी मऊ करून सांगत नाही. मी पण मग डाव्या हाताने तुला जे काय सुनावलं, ते तुला कळलं नाही, पण रोख कळला असणार. दोघंही दमलो आणि तू मला संत्रं सोलून दिलंस.

त्या भांडणाबद्दल तुझे आभार मानायचे होते. हसू नकोस.

पंजा ठीक आहे. येईल म्हणतात.

१८ ऑक्टोबर

दादा,

अक्षर बघ. कुठला हात? उजवा!

आता खरं सांगते. मधल्या महिन्यांत "चाललंय, सुधारतंय" असं जे कळवत होते, ते खोटं होतं. जून गेला, जुलै गेला, पंजा मेलेल्या माशासारखा लोंबत होता. रोज टेबलाच्या कडेवर हात ठेवायचा, पंजा बाहेर लोंबता सोडायचा आणि त्याला म्हणायचं, ऊठ. व्यायाम शिकवणाऱ्या बाई समोर बसून मनगटाकडे अशा बघायच्या की जणू डोळ्यांनीच उचलणार आहेत. काही नाही. एके दिवशी मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की लहान मुलांचा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या, मी ग्रंथालय बघते. त्यांच्या खुणा मोडक्यातोडक्या आहेत, पण त्या दिवशी त्यांनी एकच खूण केली आणि ती अगदी स्वच्छ होती. "थांब."

मी थांबले. ऑगस्टच्या शेवटी कधीतरी, टेबलाच्या कडेवर हात ठेवलेला असताना, हाताच्या पाठीवर कातडीखाली एक दोरी हलली. पंजा हलला नाही. नुसती दोरी, मासा गळाला लागल्यावर हलते तशी. मी व्यायामाच्या बाईंकडे बघितलं. त्यांनीही बघितली होती. आम्ही दोघी टेबलावर वाकलो. परत हलली.

मग रोज थोडं. आधी मनगट, मग बोटं, अंगठा सगळ्यांत शेवटी, लाडावलेला.

काल सर्जनबाईंकडे होते. नवा फोटो उजेडापुढे धरला. जिथे काळी फट होती तिथे आता पांढरं, ढगासारखं भरून आलंय. माझ्या कमरेचं हाड दंडात जाऊन रुजलं. त्यांनी दंड दोन्ही हातांनी धरून वाकवून बघितला. वाकला नाही. मधे कुठेच वाकला नाही, दादा. मी या वेळी मान फिरवली नाही.

मग त्यांनी पोलिसाचा पंजा करून दाखवला. मी केला. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, दोन्ही हात वर घेतले आणि पंजे हवेत झुलवले. आमच्यात टाळ्या अशा वाजवतात. कुठून शिकल्या कोण जाणे. मला आभार मानायला जमेना. हात दोन होते, शब्द सगळे होते, आणि मी नुसती त्यांचा डगला धरून उभी राहिले.

मुलांचं बोलणं सुधारायला घेतलंय. कोपरं सुटली, हात वर जायला लागले. भिंगरी अजून "उद्या"ला तोंड वाकडं करते. आता मैत्रिणी तिची नक्कल करतात. राहू दे म्हटलं, तो शब्द तिचा झाला.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी तू शाळेत आला होतास. वर्गाचं दार ठेंगणं, तू ताडमाड. आत शिरताना चौकटीवर कपाळ आपटलंस, बाहेर पडताना परत आपटलंस. मुलं गडाबडा लोळली होती. तर मुलांनी तुला नाव ठेवलंय. नावं नाही, नाव! आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. ते आपलं आपण घेता येत नाही, बहिऱ्यांनीच द्यावं लागतं. आईलासुद्धा माझ्या शाळेने दिलं होतं. तुला इतकी वर्षं नव्हतं, तुझ्याबद्दल बोलायचं तर मी "तो, लांबचा" म्हणायचे.

तुझं नाव असं: हात डोक्याच्या वर, चौकटीएवढा उंच न्यायचा आणि तिथून पंजा सरळ कपाळावर. थोडं मागे जायचं, झोकांडी गेल्यासारखं. भिंगरी ते दोनदा करते, कारण तू दोनदा आपटलास.

मुलं जूनपासून तुला याच नावाने विचारतात. मी उत्तर द्यायचे, पण नाव घ्यायचे नाही. उजवा हात तिथवर जातच नव्हता, आणि डाव्याने तुझं नाव घ्यायचं नव्हतं.

आज सकाळी मुलांनी परत विचारलं, तो कधी येणार? मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले आणि तुझं नाव घेतलं.

तुझी,
बादली